बेटावर जायचंय? आधी आपली सुट्टी बघा, मग बेट ठरवा

कुठल्याही ट्रॅव्हलवाल्याला विचारा, अंदमानला कधी जावं, तर तो सांगणार, "ऑक्टोबर ते मे, कधीपण चला." आता आठ महिने हे काय उत्तर झालं का? त्यातल्या ऑक्टोबरात पोर्ट ब्लेअरला ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतोय, फेब्रुवारीत ५० सुद्धा होत नाही, आणि पॅकेजवर मात्र दोन्ही महिन्यांना "सीझन"च म्हटलेलं असतं. घरातल्या चौघांना घेऊन जायचं म्हणजे वर्षभराची शिल्लक जाते, आणि तिथं जाऊन हॉटेलच्या गॅलरीतून पाऊस बघत बसायची वेळ आली तर जीव हळहळतो. म्हणून महिना कसा निवडायचा ते पहिल्यापासून सांगतो. अंदमानवर जास्त बोलणार आहे, कारण आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातली बहुतेक माणसं पहिल्यांदा तिथंच जातात.

पहिलं काम: कॅलेंडर घ्या आणि आपण कधी मोकळे आहोत ते लिहा

लोक इथंच उलटं करतात, आधी बेट ठरवतात आणि मग सुट्टी त्यात कोंबतात. आपण सीमेवरची माणसं, आपल्या सुट्ट्यांचं गणित पुण्या-मुंबईच्या ब्लॉगवर सापडत नाही. कर्नाटक बोर्डाच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला थोडेच दिवस. उन्हाळी सुट्टी साधारण १० एप्रिलच्या आसपास लागते आणि मे संपता संपता शाळा सुरू होतात. पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पोरांना दिवाळीची सुट्टी मोठी, आणि उन्हाळ्याची जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे मामाच्या आणि आत्याच्या घरानं मिळून जायचं ठरवलं तर दोघांना जुळणारे दिवस राहतात ते मुख्यतः एप्रिलचा शेवट आणि मे. सीबीएसईवाल्यांच्या तारखा आणखी वेगळ्या, त्या शाळेतूनच विचारून घ्या.

शेती असेल तर हिशोब अजून बदलतो. चिकोडी, अथणी, कागवाडकडं ऊस तोडणीला आला की मालक घरातून हलू शकत नाही, टोळी कधी येईल सांगता येत नाही, आणि बिल हातात पडेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. हे ऐकायला अडचणीचं वाटेल पण बेटांसाठी तेच सगळ्यात भारी महिने आहेत, त्यावर पुढं बोलू. गणपतीत बेळगाव सोडून कोण जाणार, तो विषयच नको. लग्न करणाऱ्यांचं बघितलं तर तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर एक बेट, आणि मे महिन्यातली असेल तर अगदीच वेगळं बेट.

तर कागदावर दोन-तीन शक्य असलेल्या खिडक्या लिहा, "१५ ते २५ एप्रिल", "दसऱ्याचा दुसरा आठवडा" अशा. आणि त्याखाली एका ओळीत, तिथं जाऊन नेमकं काय करायचंय: पाण्यात उतरून कोरल बघायचंय, आई-बाबांना घेऊन निवांत फिरायचंय, की फक्त समुद्र बघत पडून राहायचंय. पाण्यात उतरणाऱ्याला समुद्र शांत लागतो, आणि पडून राहणाऱ्याला दुपारी तासभर पाऊस आला तरी काही बिघडत नाही.

दुसरं काम: वारा कुठल्या दिशेनं येतोय ते समजून घ्या

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. कणकुंबीला पाऊस बघा आणि अथणीला बघा. जिल्हा एकच, पण घाटाच्या अंगावर ढग आदळतात तिथं धो धो आणि पुढं कोरडं. बेटांचंही असंच आहे, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला पाऊस आणि खवळलेला समुद्र, आणि मागच्या बाजूला त्याच दिवसांत पाणी शांत. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून वारा येतो, हा आपला ओळखीचा मान्सून. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून येतो, जो आपल्याला फारसा जाणवत नाही पण तमिळनाडूला आणि श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला भिजवतो. आणि विषुववृत्ताच्या खाली गेलात, बाली किंवा मॉरिशसला, की ऋतूच उलटे होतात, आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा काळ.

म्हणून "श्रीलंकेला कधी जावं" या प्रश्नाला "कुठल्या बाजूला" हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही. गॉल, मिरिसा, बेंटोटा ही दक्षिण-पश्चिमेची बाजू डिसेंबर ते मार्च छान असते, मे ते सप्टेंबर तिथं लाटा आणि पाऊस. पण त्याच मे ते सप्टेंबरात त्रिंकोमाली, पासिकुडा, आरुगम बे या पूर्वेच्या बाजूला ऊन आणि शांत पाणी. एकाच देशात सहा तासांच्या अंतरावर दोन ऋतू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र दोन्हीकडं पाऊस पडतो, त्यामुळं दसरा-दिवाळीला श्रीलंका टाळलेलीच बरी.

तिसरं काम: अंदमानचा एकेक महिना

अंदमानला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस होतो आणि तो दोन्ही वाऱ्यांचा होतो. केरळात मान्सून १ जूनला येतो ना, तर अंदमानला त्याच्या आधीच, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचलेला असतो. हे आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडं मे महिना म्हणजे वळीव आणि आंबे, त्यामुळं २० मेचं बुकिंग करून मोकळे होतात आणि तिथं उतरल्यावर बघतात तर पावसाळा लागलेला. मे ते सप्टेंबर दर महिन्याला ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस असतो.

जानेवारीत पाऊस कमी झालेला असतो, हवा सुखाची असते, पण ईशान्येचा वारा अजून चालू असतो. हॅवलॉकचे, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचे, विजयनगर-गोविंदनगरकडचे पूर्वेचे किनारे त्यामुळं थोडे खळबळतात. राधानगर बीच पश्चिमेला तोंड करून आहे, तिथं त्याच दिवशी पाणी बरंच शांत असतं. हॉटेल निवडताना हे बघत चला.

फेब्रुवारी आणि मार्च, माझ्या मते अंदमानचे हेच राजे महिने. पाऊस जवळजवळ नाही, वारा पडलेला, पाणी काचेसारखं स्वच्छ, स्नॉर्केलिंग करणाऱ्याला आणि डायव्हिंग करणाऱ्याला याहून चांगलं काही नाही. शिवाय देशभर पोरांच्या परीक्षा असल्यामुळं गर्दी आपोआप कमी, डिसेंबरच्या मानानं रेटही उतरलेले. ज्यांची पोरं लहान आहेत किंवा कॉलेज संपवून गेलीत, नवीन जोडपी, रिटायर्ड आई-बाबा, ऊस गेल्यावर मोकळे झालेले शेतकरी, या सगळ्यांनी डोळे झाकून हेच दिवस धरावेत.

एप्रिल गरम असतो, घाम भरपूर येतो, पण समुद्र अजून शांत असतो आणि कर्नाटकच्या शाळांना सुट्टी लागलेली असते. शाळेतली पोरं असलेल्या आपल्याकडच्या घरासाठी एप्रिलचे मधले दोन आठवडे हाच सगळ्यात चांगला सौदा आहे, कारण महाराष्ट्राची बरीच मंडळी अजून निघालेली नसतात. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठीक. त्यानंतर रिस्क वाढत जाते, कारण एप्रिल-मे हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा एक काळ आहे, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर.

त्या दुसऱ्या काळाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण डिसेंबर म्हणजे सेफ असा सगळ्यांचा समज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये पुढं वरदा चक्रीवादळ झालेल्या त्या हवामानात हॅवलॉक आणि नील (आताचं शहीद द्वीप) या बेटांवर शेकडो पर्यटक काही दिवस अडकले होते, बोटी बंद, आणि शेवटी नौदल आणि तटरक्षक दलानं त्यांना बाहेर काढलं. दरवर्षी असं होत नाही, पण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचं तर हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवाच. २० डिसेंबरनंतर हवा साधारण सुधारते पण मग ५ जानेवारीपर्यंत रेट आणि गर्दी दोन्ही डोक्यावर जातात. दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगाली आणि दिवाळीत गुजराती मंडळी मोठ्या संख्येनं येतात, त्या आठवड्यांत बोटींची तिकिटं लवकर संपतात.

जून ते सप्टेंबरबद्दल लोक विचारतात, स्वस्त मिळतंय, जाऊ का? सेल्युलर जेल बघायचं, सावरकरांची कोठडी बघायची, हिरवंगार जंगल बघायचं आणि हॉटेलात आराम करायचा एवढंच असेल तर जा, दिवसभर सलग पाऊस असतोच असं नाही. पण पोरांना पाण्यातली ॲक्टिव्हिटी कबूल करून नेऊ नका, समुद्र खवळला की ते सगळं बंद ठेवतात आणि बोटी पण रद्द होतात.

सूर्याचंही ध्यानात ठेवा. अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच चालतं. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, बेळगावापेक्षा तासभर आधी. सकाळी उठून, नाष्टा करून आरामात दहाला निघणाऱ्यांचा अर्धा दिवस तिथंच जातो. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी दिवस पहाटे पाच-सहाला सुरू करायचा असंच धरून चाला.

चौथं काम: सुट्टी अंदमानला जुळत नसेल तर दुसरं बेट

दसऱ्याची सुट्टी आहे? मग अंदमान सोडा आणि बालीचा विचार करा. बाली विषुववृत्ताच्या खाली साधारण आठ अंशांवर आहे, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. जुलै-ऑगस्टला युरोप-ऑस्ट्रेलियाच्या सुट्ट्यांमुळं गर्दी आणि रेट वर असतात, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गर्दी ओसरते आणि ऊन तसंच राहतं. मे महिन्यात लग्न झालेल्या जोडप्यांनाही हेच सांगेन, मे-जूनला बाली एकदम मस्त. फक्त मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपी कधी आहे ते आधी बघा. ते त्यांचं शक संवत्सराचं नवीन वर्ष, त्या दिवशी २४ तास अख्खं बेट बंद, रस्त्यावर फिरायला बंदी, विमानतळसुद्धा बंद. २०२६ मध्ये ते १९ मार्चला, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच दिवशी, आणि शक पण तोच, १९४८. दरवर्षी दिवस जुळत नाही, अधिक मासामुळं कधी महिन्याचा फरक पडतो.

लक्षद्वीप ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळ्यात अरबी समुद्र किती खवळतो ते आपण गोव्याला बघतोच, त्या दिवसांत तिथल्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात. वादळ इथंही येऊ शकतं, नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ चं ओखी आणि मे २०२१ चं तौक्ते दोन्ही या बेटांवरून गेली. जानेवारी ते मार्च सगळ्यात निर्धास्त. परमिट लागतं, ते हातात आल्याशिवाय पुढची तिकिटं काढू नका. आणि परमिटला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीला जायचं तर दिवाळी झाली की लगेच कामाला लागा.

मालदीव साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडं, त्यातही फेब्रुवारी-मार्च. स्थानिक बेटांवर स्वस्तात राहणार असाल तर रमझान बघा, २०२६ आणि २०२७ ला तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो आणि दिवसा खाण्याची हॉटेलं बहुतेक बंद असतात. रिसॉर्टवर त्याचा फरक पडत नाही. इथं एक गोष्ट मला फार आवडते, पावसाळी म्हणून ज्या महिन्यांना नावं ठेवतात त्याच काळात, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबर, बा अटॉल या बेटांच्या कड्यातल्या हनिफारू बेला मांटा रे मासे थव्यानं येतात. तेच बघायचं असेल तर तुमच्यासाठी चांगला महिना तोच.

थायलंडला पण बाजू बघा. फुकेत, क्राबी नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. को सामुई दुसऱ्या बाजूच्या आखातात, तिथं सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणजे नोव्हेंबरच्या लग्नानंतर सामुईचं पॅकेज कुणी स्वस्तात दिलं तर का स्वस्त आहे ते समजून घ्या. सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात.

मॉरिशस मे ते ऑक्टोबर कोरडं आणि थंडगार, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा जोर. जुलै-ऑगस्टला पूर्व किनाऱ्यावर वारा जास्त, पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाककडं शांत. पाणी तेव्हा जरा गार लागतं. तिथं मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे ऐकून बरं वाटतं.

पाचवं काम: पंचांग उघडा

महिना ठरला की त्या महिन्यातली तिथी बघा. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते. नीलवरचा, म्हणजे शहीद द्वीपवरचा, लक्ष्मणपूरचा तो नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि हॅवलॉकच्या पूर्वेच्या किनाऱ्यांवर ओहोटीत पाणी इतकं मागं जातं की पोहायला मिळत नाही. रात्री समुद्रात निळा उजेड चमकतो तो बघायचाय? मग अमावस्येच्या जवळचे दिवस धरा, चांदण्यात तो दिसत नाही. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला पोया म्हणून सुट्टी असते, दारूविक्री बंद असते, आणि एप्रिलच्या १३-१४ तारखेला त्यांचं नवीन वर्ष, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

सहावं काम: बेळगावातून निघायचं गणित

बेटावर जाणारी विमानं बरीचशी सकाळची असतात आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावरून त्याच सकाळी निघून ती गाठणं जमत नाही, म्हणून आदल्या दिवशी बेंगळुरूला जाऊन राहायचं किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघायचं. रेल्वेनं जाणार असाल तर सकाळी उतरल्यावर विमानापर्यंत भरपूर तास हातात ठेवा, बेंगळुरूचं विमानतळ स्टेशनपासून लांब आहे. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, गावात बाहेरची माणसं भरतात, तेव्हा बेंगळुरूची तिकिटं आधीच बघून ठेवा. गोव्याहून विमान असेल, मोपा विमानतळावरून लक्षद्वीपच्या आगत्तीला जाणारी छोटी विमानं २०२४ ला सुरू झाली त्यांच्यासारखं, तर पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या भरवशावर राहू नका. दरड पडली की रस्ता बंद होतो, म्हणून जून ते सप्टेंबर गोव्यात एक रात्र आधी मुक्काम करा.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी परमिट किंवा पासपोर्टचं काम, मग विमान, मग बेटांमधल्या बोटी, आणि हॉटेल शेवटी, तेही फुकट रद्द करता येईल असं. अंदमानात सरकारी बोटी स्वस्त आणि खासगी जलद, दोन्ही वाऱ्यावर अवलंबून. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम म्हणतात) राहायचं, हॅवलॉकला नाही. महिना कितीही चांगला निवडलेला असू दे, हा नियम मोडू नका. घरच्यांना शेवटचा दिवस बीचवरच हवा असतो ते मला माहीत आहे, पण बोट रद्द झाली की पुढची सगळी तिकिटं वाया जातात.

आणि मोबाईलच्या हवामान ॲपवर महिनाभर आधीचा अंदाज बघून घाबरू नका, खूश पण होऊ नका. उष्ण बेटांवर ॲप रोज ढगातून थेंब पडतानाचं चित्र दाखवतं, प्रत्यक्षात अर्धा तास सर येऊन ऊन पडतं. त्यापेक्षा भारतीय हवामान खात्याची महिन्याची जुनी सरासरी बघा, आणि मिलिमीटरबरोबर पावसाचे दिवस किती ते पण बघा. खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतं. दोन रात्रींत ३०० मिलिमीटर पडला आणि बाकी दिवस ऊन, हे वीस दिवस रोज थोडा थोडा पडण्यापेक्षा परवडतं. निघायला आठवडा राहिला की मग खऱ्या अंदाजाकडं लक्ष द्या, हवामान खात्याचं चक्रीवादळाचं बुलेटिन रोज बघा, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय असं दिसलं तर हॉटेलला आणि बोटवाल्याला त्याच दिवशी फोन लावा, तारीख पुढं ढकलायची असेल तर आधी बोलणाऱ्याचं काम होतं.